कॉम्प्रेसरमध्ये ओतलेलं तेल जातं कुठे? उत्तर वीजबिलात सापडेल!



तुमचं कोल्ड स्टोरेज असेल, बर्फाचा कारखाना असेल, आइस्क्रीमचं किंवा मासळीचं युनिट असेल, तर आज तुम्हाला दोन साधे प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न. गेल्या वर्षभरात तुमच्या कॉम्प्रेसरमध्ये किती लिटर तेल टाकलं? याचं उत्तर बहुतेक जण देतात, कारण तेलाचं बिल फायलीला असतं.

दुसरा प्रश्न. त्यातलं किती लिटर सिस्टिममधून परत बाहेर काढलं?

इथे मालक ऑपरेटरकडे बघतात आणि ऑपरेटर छताकडे बघतो!

आजचा लेख या दोन आकड्यांमधल्या फरकाबद्दल आहे. स्कूटरच्या इंजिनात तेल थोडं थोडं जळतं आणि धुरातून निघून जातं. रेफ्रिजरेशनची सिस्टिम मात्र बंद असते. तिथे धुराडं नाही. मग कॉम्प्रेसरमधून कमी झालेल्या तेलाला दोनच रस्ते उरतात. एक तर ते बाहेर गळलं, म्हणजे फरशीवर दिसेल. नाहीतर ते आतच कुठेतरी जाऊन बसलं. आणि बसण्याची त्याची आवडती जागा म्हणजे तुमची कूलिंग कॉइल, म्हणजेच इव्हॅपोरेटर.

तिथे बसून ते काय करतं, त्याचे पैसे कोण भरतं आणि ते थांबवायचं कसं, हे आज नीट समजून घेऊ. थोडं विज्ञान येईल, पण घाबरू नका. हिशोब आठवीच्या गणिताइतकाच आहे.

तेल कॉइलपर्यंत जातंच का?

कॉम्प्रेसरला तेल लागतंच. बेअरिंग, पिस्टन, रिंग, स्क्रू असेल तर रोटर, सगळ्यांना वंगण हवं. पण गॅस दाबला जाऊन गरम होऊन बाहेर पडतो, तेव्हा तो तेलाचे बारीक थेंब आणि थोडी वाफ सोबत घेऊन जातो. पुढे ऑइल सेपरेटर असतो. तो बरंचसं तेल पकडून परत पाठवतो. बरंचसं म्हणजे सगळं नव्हे. वाफेच्या रूपात गेलेलं तेल साध्या सेपरेटरला सापडतच नाही. डिस्चार्जचं तापमान जितकं जास्त, तितकं हे वाफेतलं तेल जास्त.

त्यात आणखी तीन गोष्टींची भर पडते. रिंग झिजल्या, सेपरेटरचा फ्लोट अडकला, किंवा ऑपरेटरने ‘जरा जास्तच असू दे’ म्हणून क्रँककेसमध्ये पातळीच्या वर तेल भरलं. या तिन्हींमुळे तेल पुढे ढकललं जातं.

कंडेन्सर, रिसीव्हर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह असा प्रवास करत ते कॉइलमध्ये पोचतं. तिथे गॅस उकळतो, वाफ होतो आणि कॉम्प्रेसरकडे परत जातो. तेल मात्र त्या थंडीत उकळत नाही. ते मागे राहतं.

अमोनिया प्लँटमध्ये: तेल तळाला बसतं

नाशिककडची द्राक्षांची कोल्ड स्टोरेज घ्या, सांगली-तासगावकडची बेदाण्याची घ्या किंवा कोकण किनाऱ्यावरचे बर्फाचे कारखाने घ्या. मोठ्या क्षमतेच्या प्लँटमध्ये अमोनिया भरपूर वापरला जातो. आणि अमोनिया व नेहमीचं मिनरल ऑइल एकमेकांत जवळजवळ मिसळतच नाहीत.

एक लिटर द्रव अमोनियाचं वजन साधारण साडेसहाशे ग्रॅम. एक लिटर तेलाचं साधारण नऊशे ग्रॅम. म्हणजे तेल जड. पाण्यावर तेल तरंगतं हे आपण स्वयंपाकघरात रोज बघतो. इथे उलटं आहे, तेल खाली बसतं. कॉइलच्या खालच्या नळ्या, अ‍ॅक्युम्युलेटरचा तळ, लाइनमधला खोलगट भाग, जिथे उतार मिळेल तिथे ते साचतं. शिवाय थंडीत ते इतकं घट्ट होतं की नळीच्या आतल्या बाजूला लेप दिल्यासारखं चिकटून राहतं.

आता बघा हा लेप किती महाग पडतो.

उष्णता वाहून नेण्याची पोलादाची क्षमता तेलाच्या साडेतीनशे पटींच्या आसपास आहे. पोलादासाठी हा आकडा साधारण ५०, तेलासाठी साधारण ०.१४ (दोन्हींचं माप एकच, वॅट प्रति मीटर प्रति अंश). याचा सरळ अर्थ असा, की नळीच्या आत फक्त ०.१ मिलिमीटर जाडीचा तेलाचा थर बसला, तर उष्णतेला तो ३५ मिलिमीटर जाड पोलादाइतका अडथळा करतो!

०.१ मिलिमीटर म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीच्या आसपास. तुमच्या कॉइलची नळी अडीच-तीन मिलिमीटर जाडीची. तिच्या आत कोणी बोटभर जाडीचं पोलाद चढवलं असतं, तर तुम्ही त्या कंत्राटदाराला पैसे दिले असते का? तेल हेच काम गुपचूप करतं.

आणि जिथे लेप नसून नळीच तेलाने भरलेली असते, तिथे तर अमोनिया पोचतच नाही. कॉइलचा तेवढा भाग तुमच्या मालकीचा आहे, त्याचे पैसे तुम्ही दिलेत, पण तो कामावर येत नाही. हजेरीपटावर नाव आहे आणि माणूस गैरहजर आहे, असा प्रकार.

याचे पैसे कसे लागतात?

समजा तुमची खोली ० अंशावर ठेवायची आहे. कॉइल स्वच्छ असताना आतला अमोनिया −८ अंशांवर उकळत होता. खोली आणि अमोनिया यांच्यातला ८ अंशांचा फरक उष्णता ओढायला पुरत होता.

आता आत तेल बसलं. अडथळा वाढला. तीच उष्णता ओढायची तर फरक वाढवावा लागणार. समजा आता ११ अंश लागतात. मग अमोनिया −११ वर उकळायला हवा. म्हणजे सक्शन प्रेशर आणखी खाली गेलं पाहिजे. सक्शन खाली गेलं की गॅस विरळ होतो. कॉम्प्रेसरच्या प्रत्येक फेऱ्यात कमी गॅस येतो आणि तो जास्त दाबावा लागतो. परिणाम एकच: तेवढ्याच थंडीसाठी जास्त युनिट.

किती जास्त? ऊर्जा दक्षता ब्यूरो म्हणजे बीईई, यांच्या ऊर्जा व्यवस्थापकांसाठीच्या मार्गदर्शक पुस्तकात एक सोपा आकडा दिलाय. इव्हॅपोरेटरचं तापमान १ अंशाने वर ठेवता आलं, तर विजेत जवळपास ३ टक्के बचत होते. उलट दिशेने वाचा, म्हणजे तुमचं नुकसान कळेल.

हिशोब मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे घालून बघा.

• कॉम्प्रेसर ३० किलोवॅट, रोज १६ तास चालतो: ४८० युनिट
• महिन्याला: १४,४०० युनिट
• युनिटचा दर १० रुपये धरला तर: १,४४,००० रुपये
• ३ अंशांचा फटका, म्हणजे साधारण ९ टक्के: महिन्याला सुमारे १३,००० रुपये

सहा महिन्यांचा हंगाम धरला तरी ७७ हजारांच्या पुढे जातं. हे पैसे देऊन तुम्हाला काय मिळालं? एकही जास्तीची पेटी थंड झाली नाही.

आणि तोटा इथेच थांबत नाही. द्राक्षाचा हंगाम भरात असतो, बाहेर उन्हाळा सुरू झालेला असतो, गाडीमागून गाडी येत असते. नेमकी तेव्हा खोली खाली यायला वेळ लागते. तेव्हा प्रश्न वीजबिलाचा राहत नाही, मालाचा आणि गिऱ्हाइकाच्या विश्वासाचा होतो.

फ्रीऑनवाल्यांची गोष्ट वेगळी आहे, पण सुटका त्यांचीही नाही

‘आमच्याकडे अमोनिया नाही, फ्रीऑन आहे, त्यात तेल विरघळतं,’ असं काही जण म्हणतील. बरोबर आहे. योग्य जोडी असेल तर तेल गॅसमध्ये विरघळतं आणि बहुतांश फिरून परत येतं. पण कॉइलच्या आत एक गंमत होते.

घरी बासुंदी आटवताना बघितलं असेल. दूध आटत जातं, साखर तेवढीच राहते, आणि शेवटी शेवटी ती घट्ट, गोड होते. कॉइलमध्ये अगदी हेच होतं. समजा ९९ किलो गॅससोबत १ किलो तेल आत आलं, म्हणजे फक्त १ टक्का. आता गॅस उकळत पुढे निघाला:

• अर्धा गॅस वाफ झाला: उरलेल्या द्रवात तेल २ टक्के
• ९० टक्के वाफ झाला: तेल ९ टक्के
• ९५ टक्के वाफ झाला: तेल जवळपास १७ टक्के
• ९८ टक्के वाफ झाला: तेल एक तृतीयांश!

म्हणजे कॉइलच्या तोंडाशी जो गॅस होता, तो शेपटाशी चिकट पाक झालेला असतो. या पाकाचे तीन त्रास आहेत. एक, तो जाड असल्यामुळे नळीत अडथळा वाढतो आणि प्रेशर पडतं. दोन, तेलाने धरून ठेवलेला गॅस त्या प्रेशरला लवकर उकळत नाही, त्याला जास्त तापमान लागतं. तीन, काही गॅस न उकळताच तेलासोबत कॉम्प्रेसरकडे परत जातो. त्याने एक कणभरही थंडी दिलेली नसते.

यातून मेकॅनिकचीही फसगत होते. शेवटच्या टोकाला थर्मामीटर लावला तर सुपरहीट दिसतो, म्हणून त्याला वाटतं की सगळा द्रव उकळून संपला. प्रत्यक्षात तेलात मुरलेला गॅस अजून तसाच असतो.

मग तेल अजिबात नसावं का?

एक प्रामाणिक गोष्ट सांगायला हवी. थोडं तेल प्रत्येक वेळी वाईटच असतं असं नाही. फ्रीऑन वर्गातल्या गॅसवर झालेल्या प्रयोगांत काही वेळा असं दिसलंय, की २-३ टक्क्यांपर्यंत तेल असेल तर नळीतलं उकळणं थोडं सुधारतं. कारण तेलामुळे फेस येतो, आणि फेसामुळे नळीची वरची बाजूही ओली राहते. जिथे द्रव लागतो तिथे उष्णता चांगली ओढली जाते. पण नळी कोणती, गॅस कोणता, वेग किती, यावर हे अवलंबून असतं. तेल वाढत गेलं की हा फायदा संपतो आणि नुकसान सुरू होतं, विशेषतः कॉइलच्या शेवटच्या भागात.

अमेरिकेतल्या एनआयएसटी या राष्ट्रीय मानक संस्थेत मार्क केडझिएर्स्की यांनी तेल मिसळलेल्या गॅसच्या उकळण्यावर बरंच काम केलंय. त्यातला एक मुद्दा आपल्या कामाचा आहे. गॅस पृष्ठभागावर उकळतो, निघून जातो आणि तेल तिथेच सोडून जातो. त्यामुळे बाकीच्या द्रवात तेल कमी असलं, तरी नळीला चिकटून असलेल्या पातळ थरात ते जास्त जमतं. म्हणजे टाकीतल्या सरासरी टक्केवारीवर समाधान मानू नका. तेलाचा परिणाम नेमका जिथे उष्णता ओढायची, तिथेच होतो.

गॅस बदलला, तेल बदललं का?

हा प्रश्न एसी आणि छोट्या कोल्ड रूमच्या व्यवसायातल्या मित्रांसाठी आहे.

१९८७ च्या माँट्रियल करारानंतर आर-१२ हळूहळू बाजूला झाला आणि आर-१३४ए आला. जुनं मिनरल ऑइल आर-१२ मध्ये छान विरघळायचं. आर-१३४ए मध्ये ते विरघळत नाही. त्यामुळे पीओई म्हणजे पॉलिओल एस्टर तेल आलं. आर-२२ काढून आर-४०७सी भरतानाही हाच प्रश्न येतो.

‘साहेब, गॅस बदलून देतो, बाकी काही करायची गरज नाही,’ असं कोणी म्हणालं तर त्याला तेलाचं विचारा. न विरघळणारं तेल कॉइलमध्ये जाऊन बसेल, कॉम्प्रेसर कोरडा पडेल, आणि दोन्हीकडून खर्च तुमचाच होईल.

दोन सूचना लक्षात ठेवा. पीओई तेल हवेतली ओल पटकन शोषतं, म्हणून डबा उघडा ठेवायचा नाही आणि अर्धा वापरलेला डबा पुढच्या पावसाळ्यात काढायचा नाही. दुसरं, अमोनियात पीओई चालत नाही, अमोनिया त्या तेलाशी रासायनिक क्रिया करतो. कॉम्प्रेसर बनवणाऱ्या कंपनीने सांगितलेलंच तेल वापरा.

पाइपिंगही तपासा. सक्शन लाइनला कॉम्प्रेसरकडे हलका उतार हवा, उभ्या लाइनच्या खाली ट्रॅप हवा, आणि पाइपचा व्यास असा हवा की गॅसच्या वेगाने तेल वर ओढलं जाईल. ‘मोठा पाइप टाकला, टेन्शन नाही’ हे इथे लागू होत नाही. पाइप गरजेपेक्षा मोठा झाला की वेग पडतो आणि तेल खालीच राहतं.

ओळखायचं कसं?

मालक म्हणून तुम्हाला स्पॅनर हातात घ्यायची गरज नाही. चार गोष्टी बघा.

१. तेल किती दिवसांनी टाकावं लागतं? हे अंतर कमी होत चाललं असेल तर तेल आत जातंय.

२. खोलीचं तापमान तेच, पण सक्शन प्रेशर खाली घसरलंय का? अमोनिया −१० वर उकळत असेल तर गेजवर साधारण २७ पीएसआय दिसतो, −१५ वर साधारण २०. म्हणजे काटा सात पीएसआयने उतरला तर तुम्ही ५ अंश गमावलेत.

३. ऑइल पॉट असेल तर त्यावरचं दव आणि बर्फ बघा. आत द्रव अमोनिया असतो तिथे बाहेर बर्फ धरतो. खालच्या भागात बर्फ नसेल तर तिथे तेल साचलेलं असण्याची शक्यता मोठी.

४. तेल काढल्यानंतर सक्शन वर आलं का? आलं, तर रोग नेमका ओळखला होता.

पण घाई करू नका. सक्शन कमी होण्याची इतर कारणंही असतात: कॉइलवर बाहेरून जमलेला बर्फ, बंद पडलेला पंखा, तुंबलेला स्ट्रेनर, खरंच कमी झालेला गॅस. अनेक ठिकाणी काटा उतरला की ऑपरेटर म्हणतो, ‘शेठ, गॅस कमी झालाय,’ आणि आपण सिलिंडर मागवतो. आधी बाहेरचा बर्फ, पंखे आणि स्ट्रेनर तपासा, मग तेलाचा हिशोब बघा, आणि गॅसचा निर्णय शेवटी घ्या.

आता कामाचं: तेलाची वही

तुम्ही उधारीची वही ठेवता, मालाची आवक-जावक लिहिता. तशीच एक शंभर पानी वही कॉम्प्रेसर रूममध्ये टांगा. दर आठवड्याला एक ओळ:

तारीख | टाकलेलं तेल | काढलेलं तेल | खोलीचं तापमान | सक्शन प्रेशर | कॉम्प्रेसरचे तास | मीटरचे युनिट

महिन्याच्या शेवटी एकच वजाबाकी करा:

टाकलेलं − काढलेलं − बाहेर गळलेलं = आत साठलेलं

दोन अटी आहेत. क्रँककेसची पातळी महिन्याच्या सुरुवातीला आणि शेवटी काचेत एकाच खुणेवर असावी. आणि तेल पूर्ण बदललं असेल, तर जुनं काढलेलं आणि नवीन भरलेलं दोन्ही लिहा.

ही वजाबाकी शून्याच्या आसपास फिरत असेल तर तुमची सिस्टिम निरोगी आहे. दर महिन्याला चार-पाच लिटर उरत असतील, तर वर्षात पन्नास-साठ लिटर तेल तुमच्या कॉइलमध्ये मुक्कामाला आहे. मग दोन कामं करा. साठलेलं काढून घ्या आणि जातंय का, याचं मूळ शोधा: सेपरेटर, रिंग, डिस्चार्जचं तापमान, जास्त भरलेली पातळी. फक्त काढत राहिलात तर नळ उघडा ठेवून फरशी पुसल्यासारखं होईल.

काढलेलं तेल गाळून परत कॉम्प्रेसरमध्ये टाकू नका. त्यात ओल आणि कचरा असतो. ते गटारातही सोडू नका. वापरलेलं तेल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं, ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्या आणि पावती वहीत लावा.

हा भाग वगळू नका: जिवाचा प्रश्न आहे

अमोनिया प्लँटमधून तेल काढणं हे धोक्याचं काम आहे. घट्ट तेल व्हॉल्व्हमध्ये अडकतं, काहीच येत नाही म्हणून माणूस व्हॉल्व्ह जास्त उघडतो, आणि अचानक तेल संपून मागून अमोनिया उसळतो. तेल काढतानाच अमोनिया सुटल्याच्या दुर्घटना अनेक ठिकाणी झाल्यात. हवेत ३०० पीपीएम अमोनिया म्हणजे जिवाला तात्काळ धोका, असं प्रमाण धरतात.

म्हणून मालक या नात्याने हे नियम लिहून भिंतीवर लावा:

• हे काम फक्त प्रशिक्षित ऑपरेटरने करायचं आणि एकट्याने कधीच नाही. दुसरा माणूस हवाच.
• ऑइल पॉट आधी द्रवापासून वेगळा करायचा आणि त्यातला अमोनिया सक्शनकडे ओढू द्यायचा. मगच ड्रेन उघडायचा.
• ड्रेनला स्प्रिंगचा, हात सोडला की आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह हवा. मागे हाताने बंद करायचा दुसरा व्हॉल्व्ह हवा.
• योग्य मास्क, गॉगल, हातमोजे. एक्झॉस्ट चालू. पाण्याचा शॉवर आणि डोळे धुण्याची सोय जवळ.
• व्हॉल्व्ह उघडा ठेवून चहाला, फोनला, ‘जरा येतो’ म्हणून कुठेही जायचं नाही.

स्प्रिंग व्हॉल्व्ह नसेल तर तो बसेपर्यंत वही लिहा, पण तेल काढायची घाई करू नका. आधी व्हॉल्व्ह, मग तेल.

या आठवड्याचा गृहपाठ

सोमवारी ऑपरेटरसोबत दहा मिनिटं बसा. त्याला दोषी धरू नका, त्याला आजवर कोणी हा हिशोब विचारलाच नव्हता. गेल्या वर्षभराची तेलाची बिलं काढा आणि लिटरची बेरीज करा. मग विचारा, ‘काढलं किती?’ जो आकडा येईल तो वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहा. आकडा माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असं लिहा, आणि पुढच्या महिन्यापासून ते दोन शब्द खोडायला लागा.

पहिल्या तीन महिन्यांत तुमच्या वजाबाकीत किती लिटर उरले आणि सक्शन प्रेशरमध्ये काय फरक पडला, ते कमेंटमध्ये नक्की कळवा. तुमच्या ऑपरेटरलाही हा लेख वाचायला द्या, कारण वही शेवटी तोच लिहिणार आहे.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा सांभाळा, माणसं सांभाळा!